आरशावरची टिकली

माझ्या उजव्या तळहाताच्या मधोमध एक डाग आहे. रुपयाएवढा, गुळगुळीत. तो कापराने भाजल्याचा आहे. भाजताना मला काही कळलं नाही. कळलं असतं तर मी ओरडले असते, आणि ओरडले असते तर पुढचं बरंच टळलं असतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायची सवय नाही. हॉस्पिटलात नजरेचे आणि तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, रोज थोडं लिहा, ओळ धरून लिहा, नजरेला वळण लागेल. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, काहीही लिहा, देवाचं नाव लिहा. देवाचं नाव मी लिहिणार नाही. जे झालं ते लिहिते. उद्या एखाद्या बाईला असंच झालं आणि घरच्यांनी दवाखान्याऐवजी नारळ आणायला माणूस पाठवला, तर निदान तिच्या लेकीला ठाऊक असावं की हा आजार आहे.

*

आम्ही लालबागला चाळीत राहतो. मी साड्यांना फॉल-बिडिंग करते. दादरच्या एका दुकानातून साड्या यायच्या. त्या शुक्रवारी सकाळी खिडकीशी स्टुलावर बसले होते. मांडीवर एका नवरीचा शालू होता, मोतिया रंगाचा. काठाला टाके घालत होते आणि एकदम सुईच्या दोन सुया झाल्या. मी डोळे चोळले. मग शालू, खिडकी, समोरचं कपाट, सगळंच उजवीकडे सरकायला लागलं. सरकायचं आणि झटका मारून जागेवर यायचं. पुन्हा सरकायचं. डोळे मिटले तर पोटातून उसळी आली. शालूवर उलटी होऊ नये म्हणून तो बाजूला टाकला आणि उठले, तशी डावीकडे कोसळले. भिंतीने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही.

उचकी सुरू झाली ती थांबेना. हाक मारायला गेले तर घशातून भलताच आवाज आला, जाड, फाटका. केस सुटले होते. मान एका बाजूला पडत होती आणि मी ती सावरायला गेले की सगळं अंग डुलत होतं.

सासूबाई न्हाऊन आल्या आणि त्यांनी मला अशी बघितली.

सासूबाईंचं सगळं मन अजून गावात आहे, कणकवलीकडच्या. त्यांच्या सासूच्या अंगात देवीचं वारं यायचं. लांबून माणसं यायची, प्रश्न विचारायची. ती म्हातारी गेल्यावर घरात कोणाच्याच अंगात आलं नाही. सासूबाईंच्याही नाही. नवरात्रात त्या देवासमोर डोळे मिटून बसून राहायच्या, वाट बघत. त्याची रुखरुख त्यांना होती, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

त्यांनी हातातला टॉवेल टाकला आणि हात जोडले.

"इली गो," त्या म्हणाल्या. "घरात इली."

"आई," मी म्हणाले, "दवाखान्यात न्या मला."

तोवर शेजारच्या परबकाकू दारात आल्या होत्या. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "आवाज ऐकलंस? हो हिचो आवाज न्हय."

परबकाकूंनी पदर डोक्यावर घेतला. "खरंच ओ. सुनंदा मेली मुंगीएवढ्या आवाजात बोलते. आणि डोळे बघा कसे फिरतायत."

यात त्यांची चूक किती आणि माझी किती, हे मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. मी लाजाळू आहे. पाहुणे आले की स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहते. गॅलरीत कोणी भेटलं तर हसून आत येते. अशी बाई केस सोडून, डोळे फिरवून, जाड आवाजात बोलायला लागली, तर ती बाई आजारी असेल हे कोणाला सुचेना. ती मी नाहीच, हे मात्र लगेच सगळ्यांना पटलं.

*

हे दुपारी आले. फोर्टला एका ऑफिसात शिपाई आहेत. दारात चपला काढताना म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या का?"

"डॉक्टराक काय कळता ह्यातला?" सासूबाई म्हणाल्या. "तू नारळ घेवन ये."

हे गेले आणि नारळ घेऊन आले. कापूरही आणला, तो सांगितलेलाही नव्हता.

कापूर परीक्षेसाठी असतो. वारं खरं असेल तर तळहातावर जळता कापूर ठेवला तरी भाजत नाही, असं त्यांच्याकडे मानतात. सासूबाईंनी माझा उजवा हात धरला. "खरा असात तर भाजूचा नाय," म्हणाल्या. परबकाकूंनी काडी ओढली.

मला सगळं दिसत होतं, हलतं का होईना. ज्योत उजवीकडे पळायची आणि परत यायची. तळव्यावर कापराची वडी ठेवलेली कळत होती. सासूबाईंची बोटं मनगटावर घट्ट होती, तेही कळत होतं. चटका मात्र लागत नव्हता. कातडी जळल्याचा वास आला आणि मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा तरी हात जळतोय.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं की देवीच असेल. मी घाबरले आणि गप्प बसले.

मग माणसं यायला लागली. मला उशांना टेकवून बसवलं होतं, कपाळभर कुंकू लावलं होतं. मी आडवी व्हायला बघायची आणि कोणीतरी पुन्हा सरळ करायचं. परबकाकूंनी पहिला मान घेतला. "आई, आमच्या चाळीचं काम कधी सुरू होणार? तिसरा बिल्डर आला."

मला उचकी लागली.

"होय म्हणाली!" मागून कोणीतरी म्हणालं.

"काय होय? कधी विचारलंय मी."

"देवीला तारीख विचारता काय काकू, ती काय म्हाडाच्या ऑफिसात बसते?"

बायका हसल्या. मीही एरवी हसले असते.

पाणी प्यायले की नाकातून बाहेर यायचं. घास उतरत नव्हता. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "देवीन उपास धरल्यान हा." मी जेवढ्या वेळा दवाखाना म्हणाले, तेवढ्या वेळा त्यांनी कानाला हात लावले. देवी आपली परीक्षा बघते, आपण डगमगायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे इतकी माणसं कान लावून बसली होती, आणि दवाखाना हा एकच शब्द त्यांना ऐकू येत नव्हता.

हे रात्रंदिवस घरातच होते. रजा काढली होती. आल्यागेल्याला चहा देत होते. एकदा माझ्याजवळ कोणी नव्हतं, तेव्हा मी यांचा सदरा धरला. यांनी माझी बोटं सोडवली, अगदी हळू, आणि हात जोडले. नवऱ्याने हात जोडले त्याची मला आजही शिसारी आहे.

*

माझी लेक शीतल लग्न होऊन बदलापूरला असते. सोमवारी सकाळी फोनवर तिला सांगितलं होतं की आईला जरा चक्कर येते, आराम करतेय. त्याच दुपारी ती ऑफिसातून परस्पर आली. दारात चपलांचा ढीग बघून तिला वाटलं मी गेले.

आत येऊन तिने माझी हनुवटी धरली.

"आजी, काय लावलंय हे? हिची डावी पापणी खाली आलीय. पप्पा, तुम्हाला दिसत नाही?"

"तू गप रव," सासूबाई म्हणाल्या. "देवी रागावात."

"रागावू दे. माझ्यावर रागावू दे. पप्पा, खाली जाऊन टॅक्सी थांबवा."

हे सासूबाईंकडे बघायला लागले. शीतल मग ओरडली, अख्ख्या चाळीने ऐकलं असेल: "तिच्याकडे काय बघताय? बायको तुमची इथे आहे!"

जिन्यावरून मला खुर्चीत बसवून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर बायका हात जोडून उभ्या होत्या.

*

परळचं मोठं हॉस्पिटल आमच्यापासून जवळ आहे. इतकं जवळ की आमच्या गॅलरीतून त्याच्या ॲम्ब्युलन्सचा आवाज येतो. तीन रात्री मी तो ऐकला होता.

तरुण डॉक्टर होता. त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, टाचणीने दोन्ही हात टोचून बघितले आणि घाईने वळला. "कधीपासून आहे हे?"

"आज सकाळपासून," हे म्हणाले.

डॉक्टरने नर्सला काहीतरी सांगितलं. मग शीतलला म्हणाला, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेली वाटते. काही तासांतलंच असेल तर विरघळवायचं इंजेक्शन देता येतं. पण वेळ नक्की सांगा. उशीर झालेला असताना दिलं तर आत रक्तस्राव होऊन पेशंट दगावू शकतो. स्कॅन करूच, पण वेळ घरच्यांनीच सांगायची असते."

शीतलने यांच्याकडे बघितलं. "पप्पा?"

यांनी फरशीकडे बघितलं. "सकाळीच. आज सकाळी."

यांना खोटं बोलायचं नव्हतं, लाज वाचवायची होती. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर सांगायचं कसं, की आम्ही बायको बसवून ठेवली आणि नारळ फोडले. मला ते समजत होतं. मला हेही समजत होतं की यांच्या लाजेची किंमत माझा जीव आहे. आणि मी आजवर चारचौघांत यांचं वाक्य खोडलेलं नव्हतं.

मी उजवा हात वर केला. डोळे मिटून घेतले, म्हणजे कोणाचं तोंड दिसायला नको.

"शुक्रवार," मी म्हणाले. उचकी आली. पुन्हा म्हणाले, "शुक्रवार सकाळ."

डॉक्टरने माझा हात धरून तळवा उलटा केला. फोड फुटून त्यावर खपली धरली होती. आजचा नव्हे, हे कोणालाही कळलं असतं. "हे कशाने?"

"कापूर."

डॉक्टरने यांच्याकडे एकदा बघितलं आणि नर्सला म्हणाला, "इंजेक्शन नको. आधी स्कॅन."

हे बाहेर गेले. शीतलने माझा हात खाली ठेवला आणि त्याच हातावर डोकं टेकून रडली. तिच्या डोळ्यांतलं पाणी गरम लागलं नाही. नुसतं ओलं लागलं.

*

वॉर्डात नाकातून नळी होती. त्यातून भाताची पेज, दूध, औषध. चव कशाचीच नाही. सकाळी झाडू, मग चादरी, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा छत. छत सरकत राहायचं. पंखा बंद असला तरी मला फिरताना दिसायचा.

एका आयाबाईने माझे केस विंचरले. कुंकू आणि तेल मिळून बटा झाल्या होत्या. तिने काही विचारलं नाही, नुसतं म्हणाली, "किती दाट केस आहेत गं." तिची मी ऋणी आहे.

परबकाकू भेटीच्या वेळेला ओटी घेऊन आल्या. खालच्या वॉचमनने नारळ काढून घेतला म्हणून चिडल्या होत्या. खण तांदूळ तेवढे वर आणले आणि माझ्या पायाशी ठेवले. शेजारच्या खाटेवर माझगावच्या एक आजी होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. काकू गेल्यावर म्हणाल्या, "बाई, तुझी ती देवी माझ्या जावयाच्या अंगात पाठव दोन दिवस. जरा त्याचे डोळे फिरू देत." मला हसू आलं आणि पेज नळीतून उलटी आली. पण हसले.

आजार काय ते एका बाई डॉक्टरांनी समजावलं. फेरी संपल्यावर त्या परत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरती, अंगठ्याएवढा एक भाग आहे," त्या म्हणाल्या. "कानाच्या आतून तोलाची खबर तिथे येते. डोकं कुठे वळलं, किती वळलं. तिथून ती डोळ्यांच्या स्नायूंकडे जाते. तुम्ही मान उजवीकडे वळवलीत की डोळे तेवढेच डावीकडे वळतात, तुम्हाला न विचारता. म्हणून चालताना दुकानाची पाटी तुम्हाला नाचताना दिसत नाही."

"मला दिसते. सगळंच नाचतं."

"कारण डाव्या बाजूची ती जागा बंद पडली. दोन्ही बाजू सारख्या बोलत असतात तेव्हा मेंदूला कळतं की डोकं स्थिर आहे. आता उजवी एकटीच बोलतेय. मेंदूला वाटतं डोकं सारखं फिरतंय, म्हणून तो डोळे सरकवत राहतो."

मला शिलाई मशीन आठवलं. वरचा दोरा चालू आणि खालचा बॉबिनचा तुटलेला. मशीन धावत राहतं आणि कापड गोळा होतं.

"आणि हात?" मी तळवा दाखवला.

"उजव्या अंगाला चटका लागला, टोचलं, तर ती खबर त्याच जागेवरून वर जाते. ती वाटही बंद झाली. स्पर्श दुसऱ्या वाटेने जातो, तो तुम्हाला कळतो. आवाज, उचकी, गिळणं, सगळं तिथलंच."

"म्हणजे देवी नव्हती."

त्या हसल्या नाहीत. "नव्हती, मावशी."

"मला शुक्रवारीच आणलं असतं तर?"

"कदाचित फरक पडला असता. नक्की नाही सांगू शकत."

मी विचारलं, "सुई धरता येईल का? मला बाकी काही नको. सुई आणि कापड एका जागी दिसलं पाहिजे."

"बाकीचा मेंदू शिकतो. व्यायाम करावा लागेल, आणि करताना फार त्रास होईल. तरीही करायचा."

*

नळी निघाली, उचकी थांबली, आवाज अर्धा परत आला. डोळ्यांचं सरकणंही नुसतं पडून राहिलं की कळेनासं झालं. पण मान हलवली की सगळं हलायचं. काठी आणि शीतलचा आधार घेऊन घरी आले.

सासूबाई हॉस्पिटलात आल्या नव्हत्या. त्यांच्या मते घरात आलेली देवी आम्ही इंजेक्शनं टोचून घालवली. दुकानदाराने साड्या परत नेल्या होत्या. मोतिया शालूही. त्याला अर्धाच फॉल लागलेला होता, माझ्याच टाक्यांचा. बाकीचा कोणी लावला कोण जाणे.

शीतल पंधरवडाभर राहिली. जाताना यांना म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी तुम्ही सकाळ म्हणालात." हे म्हणाले, "मी काय करणार? आई आहे ती." शीतल पिशवी उचलून गेली. तेव्हापासून ती फोन मला करते, यांना नाही.

व्यायाम असा. कपाटाच्या आरशावर डोळ्यांच्या उंचीवर एक टिकली लावायची. समोर बसायचं. नजर टिकलीवर ठेवून मान उजवी-डावी हलवायची, नाही म्हणतो तशी. आधी हळू, मग जोरात. टिकली पळाली तरी नजर सोडायची नाही. मान हलताना टिकली जागेवर दिसेल तेव्हा समजायचं की मेंदू शिकला.

पहिल्या दिवशी टिकली आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत होती. बादली शेजारी घेऊन बसले होते, ती कामाला आली. तरी दिवसातून पुष्कळदा करायचे. दुसरं करणार काय? उजव्या हाताने सुई धरून बघितली होती. ती बोटात रुतून रक्त आलं तरी दुखलं नाही. आंघोळीचं पाणी मी डाव्या हाताने बघते. भाकरी डाव्या हाताने उलटते. उजव्या हाताचा काही भरवसा नाही, तो खोटं सांगतो. पण सुई दिसली तर बोट कुठे ठेवायचं ते डोळ्याने ठरवता येईल, एवढा एकच हिशोब होता.

आमची खिडकी गॅलरीत उघडते. मी आरशासमोर बसून मान घुमवतेय, केस सुटलेत, डोळे ताणलेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दिसत होतं. मला ते सुचलंच नाही. एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यात नारळ.

मी परबकाकूंना हाक मारून सांगितलं, "हा व्यायाम आहे. हॉस्पिटलातल्या मॅडमनी शिकवलाय."

"हो गं," त्या म्हणाल्या. "आमच्या विक्याचं नोकरीचं बघ जरा."

दुसऱ्या दिवशी आरशावर टिकलीभोवती हळदकुंकू होतं. वर झेंडूची पाकळी चिकटवलेली. मी पदराने पुसलं, नवी टिकली लावली. सकाळी पुन्हा हळदकुंकू. यांना दाखवलं तर म्हणाले, "पुसून टाक ना. म्हातारीला कशाला दुखवायचं." पेपर उघडून बसले. मी रोज पुसायची, रोज नव्याने लागलेलं असायचं. टिकल्यांचं पाकीट संपलं तेव्हा सासूबाईंनीच दुसरं आणून ठेवलं.

*

गेल्या आठवड्यात दुपारी व्यायामाला बसले होते. हे ऑफिसात. मान हलवायला लागले आणि काहीतरी वेगळं वाटलं. टिकली हलत नव्हती. आधी वाटलं माझीच मान थांबलीय. जोर केला. कानातले डूल गालावर आपटत होते, म्हणजे मान हलत होती, आणि टिकली तिथेच होती. लाल, गोल, कडेने हळद लागलेली. इतके महिने ज्या गोष्टीसाठी ओकत होते ती ही.

रडायला यावं असं वाटलं. तेवढ्यात टिकलीच्या बाजूला, आरशात, मागची खोली दिसली. तीही स्थिर होती. ओटा, मोरी, खुंटीवरचा यांचा सदरा. आणि माझ्या पाठीशी जमिनीवर बसलेल्या सासूबाई. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत. आजवर पाठीमागे नुसतं काहीतरी हलताना दिसायचं. त्या रोज अशा बसत असतील. आज पहिल्यांदा नीट दिसल्या. मान हलवत मी त्यांच्या कपाळावरच्या सुरकुत्यासुद्धा बघू शकत होते.

मी थांबले. मागे वळले नाही, आरशातूनच म्हणाले, "आई, हात खाली करा."

आवाज अजून जाडच आहे माझा.

त्यांनी डोळे उघडले. "होय गो माये," त्या म्हणाल्या, "तू सांगशीत तसा," आणि लगेच हात खाली केले.

या घरात माझं कुठलंच सांगणं त्यांनी इतक्या चटकन ऐकलेलं नाही.

मी उठून डब्यातून सुई आणि पांढरा दोरा काढला आणि खिडकीशी जाऊन बसले.